बावीस पिशव्या

१४ एप्रिल २०१६

…आणि पुन्हा तेच. मी काय इथं नावेत बसून हवा खातो काय? थोरल्या भावाला, अण्णाला, दहादा सांगून झालं. दर फोनला त्याचं एकच रडगाणं, "तू तिकडं पाण्यात खेळून राहिला, इथं आम्ही टँकरमागं पळून राहिलो." जसं काही गावचं पाणी मीच पोत्यात भरून कोकणात आणलं. त्याच्या किराणा दुकानात बसून आणखी चार वर्षं गूळ तोलला असता तर काय पाऊस पडला असता? नववी नापास झालो तेव्हा हाच म्हणाला होता, "ह्याच्या पायाला भोवरा हाय, हा बसायचा न्हाई." नाही बसलो. आता बसला नाही म्हणून शिव्या.

ही वही श्रीपाद सरांची. सर मूळचे नांदेडचे, इथं कोलाडला नदीकाठी त्यांचा कॅम्प आहे. पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांना रबरी राफ्टमध्ये बसवून धारेतून खाली न्यायचं. रोज सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडतात. ते किती वाजता आलं, घाटाची कितवी पायरी बुडाली, ते वहीत लिहायचं काम माझं. स्वयंपाकही माझाच. वहीत पुढून नदी आहे, मागून मी लिहून राहिलो.

आज पाणी सव्वासातला आलं. चौथी पायरी. अण्णाला हे सांगितलं असतं तर फोनमधूनच मारला असता.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून इथल्या पोरांनी माझं नावच लातूर ठेवलं. "ए लातूर, बादली भरून ठेव, घरी पाठवू." पाहुणेही हसतात. एक बाई म्हणाली, "तुम्ही खरंच तिकडचे? मग पोहायला कुठे शिकलात?" म्हणालो, इथंच, बुडता बुडता.

१७ एप्रिल

कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहितो. माझ्या गळ्यात लिंग नाही.

डबी आहे. चांदीची, कमलम्मा आत्यानं करून दिलेली. मार्चमध्ये राफ्ट उलटली तेव्हा डबी कमरेला दोरीनं बांधलेली होती, कारण नेपाळी गाईड म्हणाला गळ्यात काही ठेवू नको, फास बसतो. खडकाला घासून झाकण उघडलं. डबी राहिली, लिंग धारेत गेलं. दोन दिवस उतरत्या पाण्यात शोधलं. काळं लिंग आणि काळे दगड.

आम्हा लिंगायतांत लिंग अंगावरून उतरत नाही. माणूस मेला तर त्याच्या हातात ठेवून पुरतात. हरवलं तर नवं घेईपर्यंत अन्नाला शिवू नये म्हणतात. मी त्या दुपारी दोन प्लेट पोहे खाल्ले, भूकच तशी लागली होती. डबी हलकी लागू नये म्हणून त्यात नदीतली एक गुळगुळीत गारगोटी घातली. आई गेल्यावर मला आत्यानंच वाढवलं. तिला कळलं तर ती नव्हं, तिच्या गाईसुद्धा माझं तोंड बघायच्या नाहीत.

गाई म्हणजे हरणी आणि तिची कालवड. अस्सल देवणी. आत्याला नवरा नाही, पोर नाही, ह्या दोघी आहेत.

२ मे

होत्या.

अण्णाचा फोन. कडबा नाही, पाणी नाही, आत्यानं दोघींना देवणीच्या बाजारात विकलं. बेचाळीस हजार आले. चांगल्या वर्षी एकट्या हरणीचे तेवढे आले असते. अण्णा म्हणाला, "बाजारातून चालत आली. दावं हातात तसंच."

मी म्हणालो, तू का नाही गेलास सोबत. तर म्हणे दुकान कोण बघंल. हा बघा मोठा भाऊ.

९ मे

आज मलप्पा शेठ आले. उदगीरचे, ऑफिस नांदेडला. पांढरी गाडी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. सरांचे कॉलेजचे ओळखीचे. जेवताना माझ्याकडं बघून म्हणाले,

"गाव कोणतं रे?"

"देवणीच्या अलीकडं, शेठ."

"म्हंजे आपलंच लेकरू. गळ्यात हाय ना?"

"हाव." शर्टावरूनच डबीवर हात ठेवला.

"मग शेंगाची चटणी येत असंल. ह्या कोकणात येऊन मासे तर शिकला न्हाईस?"

सगळे हसले. मग कामाचं बोलणं. शेठची प्लॉटिंगची सायट आहे उदगीरबाहेर. उदगीर नवा जिल्हा होणार, कलेक्टर ऑफिस तिकडंच येणार, म्हणून आत्तापासून प्लॉट पाडलेत. ज्या एकवीस एजंटांनी भरपूर प्लॉट विकले त्यांना बक्षीस म्हणून शेठ श्रीलंकेला नेणार, शेठ धरून बावीस जण. तेही बसमधून देवळं बघत नाही. राफ्टिंग, डोंगर, तारेवरून दरी ओलांडणं, समुद्रात डुबकी. नऊ दिवसांत बेट आडवं पार करायचं. पश्चिमेच्या समुद्रावर उतरून पूर्वेच्या समुद्रात पाय धुवायचे.

मी विचारलं, "जिल्हा झाला का शेठ?"

"झाल्यातच जमा. फकत कागद निघायचाय."

आराखडा करायचं काम सरांना दिलं. सरांनी मला दिलं, म्हणाले, "चंद्रप्पा, तुझी माणसं आहेत. त्यांना काय चालतं, काय नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल."

पहिल्यांदा कुणी म्हणालं की मला जास्त कळतं.

१३ मे

सरांच्या कॉम्प्युटरवर बेट बघितलं. कैरीसारखं आहे, देठ वर. चहूबाजूंनी पाणी आणि आतही पाणी, नद्या वरून खाली धावून राहिल्या. एवढ्याशा देशात. आमच्याकडं मांजरा एक, तीही कोरडी.

कागदावर काढून ऑफिसच्या भिंतीला लावलं. कोलंबो. तिथून कितुलगला, तिथं नदी आहे, आपल्यापेक्षा जोरदार. दोन दिवस राफ्ट. मग नुवारा एलिया, थंड हवा, चहाचे मळे. तिथून रेल्वेनं एल्ला. ही रेल्वे ढगातून जाते म्हणतात. आमच्याकडची टाक्या घेऊन जाते. एल्लाला तारेवरून दरी. मग उतरून पूर्वेला अरुगम, लाटांवर फळी घेऊन उभं राहायचं. तिथून वर त्रिंकोमाली, पाण्याखाली मासे बघायचे. खायचे नाहीत.

सप्टेंबरमध्ये जायचं, तेव्हा पूर्वेचा समुद्र शांत असतो. हे सगळं मी शोधलं. सर म्हणाले, "अरे, तू नापास कसा झालास?" काय सांगू. शाळेत कुणी बेट पार करायला सांगितलंच नाही.

२० मे

अडचण. शेठ लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाहीत. पूजेला पाऊण तास. कितुलगलाला राफ्ट सकाळी लवकर निघते. म्हणजे साडेचारला गरम पाणी पाहिजे, बावीस तांबे, बेलपानं (तिथं मिळतात का बघणे), विभूती इथून न्यायची. आणि मुख्य म्हणजे राफ्टमध्ये लिंगाचं करायचं काय. गळ्यात चालत नाही. खोलीत ठेवता येत नाही.

फोनवर शेठ म्हणाले, "मग कमरेला बांधू."

"कमरेला न्हाई शेठ," मी म्हणालो. "कमरेला बांधलं की खडकाला घासतंय. जातंय."

"तुला काय माहीत?"

"बघितलंय एकाचं."

मग उपाय सांगितला. फाटक्या राफ्टच्या नारंगी रबराची छोटी पिशवी, तोंडाला दोन घड्या, लाइफ जॅकेटच्या आतून छातीला शिवायची. पाणी शिरत नाही, निसटत नाही. शेठ खूश. "बावीस कर. तू तर हुशार हायस की रे. चल आमच्यासोबत. तिथं कोण देणार आपल्याला भाकरी? तू स्वयंपाकी म्हणून चल."

सुटलोच. मी बेट बघणार.

२१ मे

झोपेतही राफ्ट. पण एक गोष्ट डोक्यात भुणभुणून राहिली. ते लाटेवर उभे राहणार आणि मी हॉटेलच्या मागच्या अंगणात भाकरी थापणार. तारेवरून ते जाणार, मी खाली डबा धरून. आराखडा कुणी केला? भिंतीवर कुणाच्या हातचं बेट आहे?

फोन करून शेठना विचारलंच. म्हणालो, पाहुणा म्हणून येता येईल का. ते हसले. "येता येतंय की. दोन प्लॉट बुक कर. एक तुझा, एक कुणाचातरी. चाळीस-चाळीस हजार बुकिंग. एजंटांच्या लाइनीत बसशील, भाकरी दुसरा करंल."

माझे साठवलेले एकेचाळीस आहेत. माझा झाला. दुसरा कुणाचा?

हे लिहितानाच माहीत आहे कुणाचा. पण आत्याचं यात भलंच आहे. गाई गेल्या, पैसे डब्यात पडून. जिल्हा झाला की चाळीसचे दोन लाख होतील. दोन लाखांत चार हरण्या.

२४ मे

सर म्हणाले, "चंद्रप्पा, जमिनीचा काही कागद बघितलास? सातबारा, एनए?"

मी म्हणालो, शेठनी भूमिपूजनाला मठाचे स्वामी बोलावले होते. फोटो आहे. मोठे स्वामी खोट्या जागेवर येतात का?

"स्वामींना कुणी कागद दाखवतं का?"

सरांना आमच्यातलं कळत नाही. आमच्यात इतबार असतो. स्वामींनी नारळ फोडल्यावर सातबारा मागणारा माणूस म्हणजे लग्नात मुलीचे दात मोजणारा. सायट बघायला जायचं माझ्या मनात होतं, पण इथं पाहुण्यांची गर्दी, सुट्टी दोनच दिवसांची.

५ जून

गावाहून आलो. जसं झालं तसं लिहितो.

पहाटे उदगीरला उतरलो, तिथून जीप. आत्या दारातच होती. गोठा झाडून ठेवलेला, शेणाचा एक पो नाही, पण खुंट्याजवळ रोजच्यासारखं झाडलेलं. हरणीच्या गळ्यातली घाटी आड्याला टांगलेली.

"आंघोळ कर," म्हणाली. अर्धी बादली पाणी. खाली परात ठेवली, अंगावरून पडलेलं पाणी त्यात साठवायला. डबी मी बाहेर खुंटीला अडकवली, सवय झालीय कॅम्पवर. चुकलंच. टॉवेल गुंडाळून आलो तर डबी तिच्या हातात. कानाजवळ नेऊन एकदा हलवली, नारळ बघतात तशी. आत गारगोटी खडखडली. मग तिनं स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातली.

"आंघोळीतबी काढायची नसती रे."

"हाव, विसरलो."

"पूजा केलीस?"

"गाडीत केली."

तिनं मान हलवली. म्हातारीला ऐकू कमी येतं, बरं झालं. कळलं नाही.

भाकरी आणि चिंचेचं कालवण खाताना मी सगळं सांगितलं. नवा जिल्हा, कलेक्टर ऑफिस, शेठ, स्वामी. बेटही सांगितलं. कैरीएवढा देश, चहूबाजूंनी पाणी. तिला हसू आलं.

"एवढं पाणी असून तिथले लोक काय करतेत?"

"खेळतेत."

"बरंय त्यांचं." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "पाऊस पडला की मला गाय बघायची हाय. हरणीच्या अंगाची. ते पैसे त्याचे हायत, चंद्रा."

"गाय कुठं पळून चालली? जिल्हा झाला की चार घे."

"तू जागा बघितलीस?"

"बघितली की."

"तुझ्या डोळ्यांनी?"

"आत्या, बघितली म्हणालो ना."

"लिंग हातात घेऊन सांग."

मी डबी मुठीत धरली. तिनं माझ्या तोंडाकडं लई वेळ बघितलं, मुठीकडं नाही. वाट बघितल्यासारखं. मी म्हणालो, "बघितली."

"बरं," ती म्हणाली. उठली, तुरीच्या मडक्यातून फडक्यात बांधलेले पैसे काढले. चाळीस माझ्यापुढं ठेवले, दोन परत मडक्यात.

बसमध्ये विचार केला. लिंग नव्हतंच डबीत, मग शपथ कसली. गारगोटी हातात धरून बोललो. गारगोटीला काय पाप. आणि जागा आहेच, माझ्या डोळ्यांनी नाही तर स्वामींच्या डोळ्यांनी बघितलेली.

१८ जून

पावत्या आल्या. पिवळ्या कागदावर शंकराचं चित्र. माझा प्लॉट एकशे बारा, आत्याचा एकशे तेरा. शेजारी-शेजारी घेतले. म्हातारपणी तिचं अंगण आणि माझं अंगण एकच.

३ जुलै

पावसानं इथं कहर केलाय. पायऱ्या मोजायला पायरीच दिसत नाही. कॅम्प बंद. बसून पिशव्या शिवून राहिलो. रबराला सुई जाता जात नाही, दाभण घेतला. बोटांची चाळण झाली.

शेठला फोन केला, आता तेवीस ना? "बावीस," म्हणाले. "सांगितलं तेवढंच कर." गडबडीत असतील. तेविसावी माझी मी शिवली. तिच्यात ठेवायला काही नाही, पण लाइनीत सगळ्यांच्या छातीला असणार आणि माझ्या नाही, हे बरं दिसायचं नाही.

२९ जुलै

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार गावात गेला. अण्णाच्याच दुकानात चहा प्यायला. अण्णाचा फोन, "श्रीलंकेला कशाला? तिथं काय वाढून ठेवलंय?" म्हणालो, तू आयुष्यात उदगीरच्या पलीकडं काय बघितलंस. म्हणाला, "नांदेड बघितलं. दवाखान्यात. बाप मरताना. तू नव्हतास."

आता हे मध्ये कुठून आलं? प्रत्येक गोष्टीत बाप आणतो.

मग हळूच विचारलं, "सायटवर गेला होतास का तू खरंच?"

मी फोन ठेवला.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदनाला जिल्हा जाहीर होईल असं शेठ म्हणाले होते. झाला नाही. आता म्हणे दिवाळी.

शेठचा माणूस येऊन पिशव्या घेऊन गेला, आणि आराखड्याची प्रतही. नऊ दिवस, नऊ पानं. शेवटच्या पानावर मी लिहिलंय, 'सूचना. लिंग कमरेला बांधू नये. राफ्टमध्ये बसण्याआधी पिशवीची घडी दोनदा तपासावी. गेलेली वस्तू नदी परत देत नाही.' सर वाचून माझ्याकडं बघतच राहिले.

७ सप्टेंबर

पासपोर्ट आला. निळा. आत सगळी पानं कोरी, फोटोत मी चोरासारखा.

शेठ फोन उचलत नाहीत.

२० सप्टेंबर

सरांनी बोलावलं. खुर्चीवर बस म्हणाले. खुर्चीवर बस म्हणाले तेव्हाच समजलं.

"मलप्पांनी ट्रिप हैदराबादच्या एका कंपनीला दिली. आपल्यापेक्षा स्वस्तात. आराखडा आपलाच वापरतायत, शब्दन् शब्द."

"मग आपण?"

"आपण काही नाही."

"सर, मी पाहुणा आहे. मी दोन प्लॉट…"

मी म्हणालो नव्हतो का, असं तरी सरांनी म्हणायचं. तेही नाही म्हणाले.

शेजारच्या कॅम्पच्या फोनवरून शेठना लावला, तेव्हा उचलला.

"अरे तू. तू आपलाच माणूस. पुढच्या ट्रिपला सिंगापूर करू, तेव्हा पहिलं नाव तुझं."

"शेठ, तुम्ही म्हणाला होता दोन प्लॉट."

"प्लॉट तुझे हायतच की. प्लॉट काय पळून चाललेत?"

आत्याला मी जे म्हणालो तेच, त्याच सुरात. हे मला आवडलं नाही.

"स्वयंपाकी म्हणून तरी न्या," म्हणालो. खरं लिहितो, म्हणालो.

"हैदराबादवाल्यांचा हाय रे त्यांचा. अन् पिशव्या लई झकास झाल्या बघ. बाकीच्यांनी त्यात मोबाईल ठेवायचं ठरवलंय. लिंग एवढ्यांत माझ्या एकट्याच्याच गळ्यात निघालं."

२८ सप्टेंबर

फोटो आला. नेपाळी गाईडला कुणीतरी पाठवला. कितुलगला, पाणी हिरवं, दोन्ही अंगांनी जंगल. राफ्टमध्ये पुढं मलप्पा शेठ, हेल्मेटखाली विभूती भिजून ओघळलेली, तोंड उघडं. जॅकेटच्या कडेनं नारंगी रबर दिसतंय. माझी शिलाई ओळखू येते, तिसऱ्या टाक्यापाशी दाभण सरकला होता.

दिवस तिसरा. आराखड्याप्रमाणे दुपारी मसालेभात.

भिंतीवरचं बेट काढून चुलीत घातलं. मग पश्चात्ताप झाला. सरांच्या छपाईच्या कागदावर काढलेलं होतं, पाठकोरा तरी वापरता आला असता.

८ ऑक्टोबर

गावाकडं मरणाचा पाऊस झाला. धरणं भरली, सोयाबीन सडलं, माणसं ह्याही गोष्टीला रडून राहिली. गवत कमरेएवढं, अण्णा म्हणाला, आणि खायला गुरं नाहीत. मग म्हणाला, "आत्या तुझी सायट बघायला निघालीय. उद्या उदगीरचा बाजार, जाता जाता बघते म्हणली."

मी म्हणालो, चिखल आहे, नको म्हण.

"म्हणलो. ऐकती का ती?"

९ ऑक्टोबर

दिवसभर फोन हातात धरून होतो. पाहुण्यांना भातात दोनदा मीठ घातलं.

संध्याकाळी आत्यानं अण्णाच्या फोनवरून केला. आवाज नेहमीसारखाच.

"जाऊन आले रे. रिक्षावाल्यानं बरोब्बर नेलं. चुन्याचे दगड लावलेत, आकडे लिहिलेत. एकशे तेरा सापडला."

"हाव?"

"गवत मस्त आलंय. मारवेल. चंद्रा, मी लहान असताना बापासंग ह्याच माळावर गुरं आणायचे. बाजाराच्या आदल्या रात्री इथंच उतरायचो. हे गायरान हाय. सरकारी. पूर्वीपासून. तलाठ्यानं आता पाटीबी लावलीय, विकायला अन् घ्यायला बंदी."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"तिथं एक पोरगं गाई चारत होतं. माझ्या प्लाटावर." ती थोडी हसली. खरंच हसली. "म्हणलं, चार बाबा. माझंच हाय."

"आत्या, शेठनी मला पण फसवलं. माझे पण चाळीस गेले."

"हाव. अण्णा म्हणला."

"स्वामी आले होते तिथं. मला काय माहीत."

"तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखंही नाही. मग अण्णानं फोन घेतला आणि मला जे बोलायचं ते बोलला. ते लिहीत नाही.

१५ ऑक्टोबर

शेठच्या नांदेडच्या ऑफिसला कुलूप नाही, हे विशेष. अण्णा जाऊन आला. आत एसी चालू, मुलगी बसलेली, भिंतीवर श्रीलंकेचे फोटो. ती म्हणाली, जिल्हा झाला की गायरानाचं नियमित करून घेणार, धीर धरा. मग अण्णा पोलिसात गेला तर म्हणाले, पिवळी पावती कुणाची, शिक्का कुठाय. अशा पावत्यावाले बरेच आहेत म्हणे, त्यातले अर्धे आमच्यातलेच, आणि त्यातल्या कुणालाच शेठचं नाव तक्रारीत लिहायचं नाही. मठातली ओळख आहे, उद्या लग्नात पंगतीला शेजारी बसायचंय.

मलाही लिहायचं नाही. लिहिलं तर विचारतील, जागा बघितली होती का.

२४ ऑक्टोबर

पगार झाला. आज पाणी साडेसहाला आलं, पाचवी पायरी.

दुपारी अण्णाचा फोन. मी आधीच तयारीत, म्हणालो पाठवतोय, दर महिन्याला पाठवणार, बोलू नको. तर त्याचं दुसरंच. म्हणाला, "आत्यानं तुला दिवाळीला बोलावलंय. स्वामींकडून नवं लिंग आणलंय तुझ्यासाठी. मडक्यातले दोन हजार त्यातच गेले."

"कशाला?"

"मला काय माहीत. म्हणलं, त्याला हाय की. तर म्हणली, असू दे. डबी नको म्हणली, डबी हाय त्याच्याजवळ. अन् स्वामींना सारखं एकच, कापडात घट्ट गुंडाळून द्या, हलू देऊ नका. जूनपासूनच डोक्यात होतं म्हणे, पण ते पैसे गाईचे. आता त्या दोन हजारांत तसंबी गाईचं शेपूट येत न्हाई म्हणली. म्हातारी झाली, काय तरी घेऊन बसती."

"तिला कुणी काही सांगितलं का?"

"काय सांगायचं?"

"काही नाही."

"येणार का मग दिवाळीला?"

दिवाळीत इथं गर्दी असते, सुट्टी मिळत नाही. तसं सांगितलं. तो बरं म्हणाला.

मग वही काढून जूनचं पान बघितलं. म्हातारीला ऐकू कमी येतं, असं मी तिथं लिहून ठेवलंय.

डबी उघडून गारगोटी नदीत टाकली. इतर गारगोट्यांत लगेच मिसळली, कुठली ते कळेना. संध्याकाळ व्हायच्या आत रोह्याला गेलो, बँकेत आत्याच्या जनधन खात्याचा नंबर दोनदा तपासून भरला. कारकून म्हणाला, पाठवण्याचं कारण लिहा. मी लिहिलं, गाय.

पाठवले: दोन हजार सातशे.